वरच्या ओळीतले आबा

"तुझा बाप हल्ली आपल्या आवाजात बोलत न्हाई बघ, अनू. जरा ध्यान दे."

मुरगूडला माहेरच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या तानाबाईंनी हे सांगितलं तेव्हा अनुजाला सातवा महिना होता. पाय सुजलेले, ऊन चढलेलं, आणि तानाबाईंच्या सोप्यात बसून ती त्यांनी दिलेलं ताक घोट घोट पीत होती. ती हसली. "अहो काकू, त्यांचा धंदाच तो. जन्मभर दुसऱ्याच्याच आवाजात बोलले की ते." तानाबाई काही हसल्या नाहीत. "तसं न्हवं गं," एवढंच म्हणाल्या. पुढचं त्यांना शब्दांत धरता येईना. मग बाळंतपण कुठं करणार, डॉक्टर बाई हाय का बाप्या, असल्या गोष्टी निघाल्या आणि तो विषय तिथंच राहिला.

धंदा तो, हे मात्र खरं होतं. अनुजाचे वडील आकाराम मगदूम, म्हणजे आबा, सकाळी गावातल्या दूध संस्थेत फॅट तपासायचे आणि संध्याकाळी टेंपोत बसून 'चंद्रकोर ऑर्केस्ट्रा'बरोबर गावोगाव जायचे. गणपती, नवरात्र, उरूस, जत्रा. पार निपाणी-चिकोडीपर्यंत चंद्रकोरचं नाव होतं. गाणारे गायचे, वाजवणारे वाजवायचे, आणि दोन गाण्यांच्या मध्ये गायकांनी पाणी पिऊन घसा मोकळा करेपर्यंत आबा एकटे माईकपुढं यायचे. कोंबडी, बुलेट, उसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर चढाला लागला की कसा कण्हतो, सगळं तोंडानं. पण लोक खरे थांबायचे ते 'आक्का'साठी. आक्का ही एक म्हातारी, मुक्कामाची गाडी का आली नाही म्हणून एस.टी. डेपोत फोन लावून भांडणारी. आक्का आबाच आणि डेपोतला वैतागलेला क्लार्कही आबाच. माणसं खुर्चीवर उभी राहून हसायची.

मग गावोगाव डॉल्बी आली आणि ऑर्केस्ट्रा बसला. त्यालाही बावीस वर्षं होऊन गेली. चार वर्षांपूर्वी अनुजाची आई गेली. तेव्हापासून आबा मुरगूडच्या घरात एकटे, आणि अनुजा इकडं कोल्हापुरात, कसबा बावड्यात, नवरा ऋतुराज आणि नऊ महिन्यांची संयोगिता यांच्यात. लग्नाआधी अनुजा एका लॅबमध्ये काम करायची. काचपट्टीवरचा थेंब भिंगाखाली धरून काय बिघडलंय ते हुडकायची तिची सवय नोकरी सुटली तरी सुटली नव्हती. संयूचा श्वास, संयूची शी, संयूच्या कानामागचा पुरळ, सगळ्यावर तिची नजर. मुरगूड मात्र पन्नास किलोमीटरवर होतं. तिथं तिची नजर फोनवरून जायची. "आबा, जेवलात?" "व्हय." झालं.

संयूला गोवराची लस देऊन ती रिक्षानं परत येत होती, त्या दिवशी बावड्याच्या कोपऱ्यावर तिला नवा फ्लेक्स दिसला. 'आपल्या आग्रहाखातर! तब्बल बावीस वर्षांनी! चंद्रकोर ऑर्केस्ट्रा पुन्हा एकदा!' खाली पाच गावांची नावं आणि तारखा: कोल्हापूर, इचलकरंजी, गडहिंग्लज, निपाणी, सांगली. मध्ये ब्लेझर घातलेले, केस काळे केलेले पाच-सहा म्हातारे. अनुजाला आधी आनंदच झाला. आबा कुठायत म्हणून ती त्या ब्लेझरवाल्यांत शोधत राहिली. तिथं नव्हते.

ते वरच्या ओळीत होते. सगळ्यात वर, लंबगोलांत, तीन लहान फोटो. पहिला अॅकॉर्डियनवाले महंमदभाई, दुसरा ढोलकीवाले विजयसिंह, दोघेही कधीच गेलेले. तिसरे आबा. मिशी काळी, हातात माईक. तिन्ही फोटोंना छापील हार, आणि खाली ओळ: 'ज्यांच्या खांद्यावर चंद्रकोर उभी राहिली त्या दिवंगतांना अभिवादन.'

"थांबवा, थांबवा जरा," ती ओरडली.

"काय झालं ताई? बाळानं वकारी काढली?"

"नाही. ते... तिसरे. ते माझे वडील आहेत."

रिक्षावाल्यानं वाकून वर बघितलं आणि हात कपाळाला लावला. "आयला! आक्कावालं! आमच्या गल्लीत गणपतीला आलतं की. मी असंन चौथीत. लई हसवलंतं ओ त्यांनी. कधी गेले?"

"अहो, गेले नाहीत ते!"

"बरुबर हाय ताई," रिक्षावाला गंभीरपणे म्हणाला, "असली माणसं गेली असं वाटतच न्हाई." आणि त्यानं रिक्षा सुरू केली.

घरी येताच संयूला पाळण्यात टाकून तिनं पहिला फोन आबांना लावला. त्यांनी उचलला. "आबा, जेवलात?" तिनं विचारलं, कारण दुसरं काही सुचेना. "व्हय," आबा म्हणाले. तिनं फोन ठेवला आणि दुसरा फोन फ्लेक्सवर छापलेल्या नंबरला लावला.

तो उचलला सयाजीकाकांनी. चंद्रकोरचे निवेदक. लहानपणी ते अनुजाला स्टेजमागच्या पेटाऱ्यावर बसवून गोळ्या द्यायचे. तिनं नाव सांगितल्यावर त्यांचा आवाज लगेच खाली गेला. "बाळ, मला माफ कर. मी यायला पायजे हुतं तुला भेटायला. पण ह्यो दौरा ठरवायचा म्हंजे... तुझा बाप म्हंजे माझा हात हुता बघ."

"काका, आबा जिवंत आहेत."

"आँ?"

"आबा जिवंत आहेत. मी आत्ता बोलले त्यांच्याशी. तुम्ही कुणाला न विचारता फोटोला हार घालता?"

"न विचारता कसं? फोन केलता की मी! दूध संस्थेतनं नंबर घेतला. एका म्हातारीनं उचलला. म्हटलं, आकारामराव हायत का? म्हणाली, 'गेला की रं बाबा आकाराम. आक्रीतच झालं. दोन पावसाळं झालं.' रडली सुदीक. मीबी रडलो. तुझी आजी न्हवं ती?"

"आजी मी दहावीत असताना गेली. त्या घरात आता आबांशिवाय कुणीच नाही."

पलीकडं सयाजीकाकांच्या घशातून एक चमत्कारिक आवाज निघाला. ते हसत होते. हसता हसता खोकायला लागले. "आयला! आक्का! आक्का हुती ती! पंधरा वर्सं स्टेजवर तिच्या शेजारी माईक धरून उभा राहिलो, आन मला बनवलं की लगा आकारामानं! काय कलाकार, काय कलाकार..."

अनुजाला हसू आलं नाही. तिला तानाबाईंचा चेहरा आठवला, 'तसं न्हवं गं' म्हणतानाचा.

सयाजीकाका मात्र पेटले होते. "हे बघ, आता फ्लेक्स बदलायचा न्हाई. उलट झकास झालं. कोल्हापूरच्या शोला इंटरव्हलनंतर मी गेलेल्यांची नावं घेतो. लोकं उभी राहत्यात. लाईट घालवतो. आन तिसरं नाव घेतलं की अंधारातनं आक्का बोलती, 'कोण मेलं म्हणतोस रं भाड्या?' पब्लिक खुर्च्या मोडंल, अनुजा! तू फकस्त त्याला घिऊन ये."

संध्याकाळी ऋतुराज गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतून आला तेव्हा तिनं त्याला सगळं सांगितलं. त्यानं बूट काढता काढता थांबून विचारलं, "म्हणजे सासऱ्यांनी स्वतःची बातमी स्वतःच दिली?"

"हो."

"गंमत म्हणून?"

"माहीत नाही."

"मग चला की. त्यांना घेऊन जाऊ. चार लोकांत गेले, टाळ्या पडल्या, की होतील माणसात." ऋतुराजचं सगळंच असं साधं असतं. साच्यात ओतलं की निघालं. पण त्या दिवशी तिलाही तेच खरं वाटावंसं वाटलं. एक संध्याकाळ, एक अंधार, आणि मग दिवे लागतात आणि आबा परत आलेले असतात.

रविवारी ती संयूला घेऊन मुरगूडला गेली. आबांनी दार उघडलं, नातीला घेतलं, चहा ठेवला. दाढी केलेली, सदरा धुतलेला. काही बिघडलंय असं वरून कुणी म्हटलं नसतं. पण अनुजाची नजर घरभर फिरली. परड्यात कोंबड्या नव्हत्या. तानाबाईंना दिल्या म्हणाले. स्वयंपाकघरात एक ताट, एक वाटी, एक तांब्या, एक कपबशी. बाकीची भांडी पोत्यात भरून, तोंड सुतळीनं शिवून कोपऱ्यात ठेवलेली. पोत्यावर खडूनं लिहिलं होतं: 'अनू'.

"हे काय आबा?"

"तुझ्या आईची भांडी. तुला उद्या हुडकत बसाय नगं."

चहाची कपबशी खाली ठेवून तिनं विचारलं, "सयाजीकाकांचा फोन आलता?"

"आलता."

"कुणी उचलला?"

संयूनं त्यांची मिशी धरली होती. ती हळूच सोडवत आबा म्हणाले, "आक्कानं."

"का पण असं?"

"मुद्दाम न्हाई केलं, बाळ. त्यो म्हणाला, आकारामराव हायत का? मी बोलतोय म्हणायला तोंड उघडलं, तर आक्काच भाईर पडली. म्हणाली, गेला. आन मग सया रडाय लागला." आबांनी संयूची मूठ आपल्या हातात धरली. "खरं सांगू? बरं वाटलं. किती दिसानं कुणीतरी माझ्यासाठी काय तर केलं."

"मी नाही का करत?"

"तू करतीस की. फोन करतीस. जेवलात का इचारतीस." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर तिला भांडता आलं असतं.

तिनं सयाजीकाकांचा बेत सांगितला. अंधार, आक्का, खुर्च्या. सांगताना तिचा स्वतःचाच आवाज चढत गेला. संयूला खाऊ दाखवताना चढतो तसा. आबांनी सगळं ऐकून घेतलं.

"आन मग?"

"मग काय? लोक वेडे होतील."

"त्या आयटमाचा शेवट तुला ठावं न्हाई व्हय? आक्का फोन ठेवती. क्लार्क फोन ठेवतो. मग मी टोपी काढून म्हणायचो, 'नमस्कार मंडळी, मी आकाराम मगदूम.' सगळ्या आयटमात तेवढंच वाक्य माझं. आक्का अजून येती, अनू. कोंबडी येती, ट्रॅक्टर येतो. ते वाक्य येत न्हाई. आरशाफुडं बघितलंय म्हणून. तोंड हलतंय, खरं आत कुणी न्हाई."

"डॉक्टरांकडं जाऊया. कोल्हापुरात चांगले आहेत. मी बोलले एकांशी, ते म्हणाले घेऊन या."

"मेलेल्याला अवषिद?" आबा हसले. मग संयूला तिच्या मांडीवर देत अगदी सहज, भाजी आणायला सांगावं तसं म्हणाले, "मला परत जित्ता करू नगंस, बाळ. सुटल्यासारखं झालंय. तू मातर जा बघायला. ते नावं घेतील, लोक उभं राहतील. तूबी उभी राहा. कसं झालं ते मला सांग. तेवढं कर माझं."

"मी नाही असलं काही करणार."

"बघ," आबा म्हणाले, आणि उठून कपबशी विसळायला गेले.

कार्यक्रमाला चौदा दिवस होते. त्या चौदा दिवसांत अनुजानं जायचं की नाही हे रोज ठरवलं आणि रोज मोडलं. नाही गेलं तर आबांनी जन्मात मागितलेली एकुलती एक गोष्ट नाकारल्यासारखं. गेलं आणि उभं राहिलं, तर जित्या बापाला पोहोचवून आल्यासारखं. गेलं आणि सगळ्यांसमोर ओरडून खरं सांगितलं, तर बापाला भर चौकात खोटं पाडल्यासारखं. सयाजीकाका दर दोन दिवसांनी फोन करत. "येतोय न्हवं? मी लाईटवाल्याला सांगून ठेवलंय." ती म्हणायची, बघते. ऋतुराज म्हणायचा, "गाडीत घालून आणू सरळ." आणि ती त्याच्यावर खेकसायची, "ते काय पोतं आहेत?" म्हणताना खडूनं लिहिलेलं आपलं नाव तिच्या डोळ्यांपुढं यायचं. तानाबाईंना ती रोज फोन करून विचारायची, आबा बाहेर पडले का, दिवा लागलाय का. तानाबाई बिचाऱ्या भिंतीला कान लावून सांगायच्या, "टीव्ही चालू हाय."

आणि आदल्या दिवशी दुपारी आबांचाच फोन आला.

"उद्याचं किती वाजता हाय?"

ती जागच्या जागी उभी राहिली. "पाचला. मार्केट यार्डाजवळच्या मंगल कार्यालयात. आबा, येताय?"

"एक खुर्ची धरून ठेव."

"ऋतुराजना पाठवते न्यायला."

"जावयानं न्यायला मी काय नवरी हाय? येतो माझा मी. तीनच्या गाडीनं."

त्या दिवशी अनुजानं संयूला आंघोळ घालताना गाणं म्हटलं. ऋतुराजनं दारातून बघून विचारलं, "आज काय विशेष?" ती म्हणाली, "आबा येतायत." सयाजीकाकांना कळवलं, तर ते फोनवर नुसतं "आयला, आयला" करत राहिले.

रविवारी चारपासून ऋतुराज कोल्हापूरच्या एस.टी. स्टँडवर मोटारसायकल घेऊन उभा होता. अनुजा संयूला घेऊन कार्यालयात आली आणि तिसऱ्या रांगेत शेजारच्या खुर्चीवर बाळाची पिशवी ठेवून बसली. हॉल निम्माअधिक भरला होता. सगळी पिकली पानं. कुणी काठी टेकत, कुणी सुनेला धरून. पडद्याच्या फटीतून दिसणाऱ्या गायिकेवरून मागं दोघं म्हातारे भांडत होते. "तीच साडी हाय बघ तिची, गडहिंग्लजच्या जत्रेतली." "तू काय तिची साडी बघायला आलायस व्हय रं?" पाच वाजले. सव्वापाच. ऋतुराजचा फोन आला: मुरगूडची गाडी आली, रिकामी झाली, आबा नव्हते. पाऊण तासानं दुसरी आली. त्यातही नव्हते.

पडदा उघडला. गाणी सुरू झाली. आवाज फाटलेले होते, वरच्या पट्टीत जाताना गायिका माईक लोकांपुढं धरायची आणि लोक ओरडून ती जागा भरून काढायचे. आजूबाजूच्या बायका डोळे पुसत होत्या. अनुजाला एक सूर धड ऐकू आला नाही. ती आबांना फोन लावत होती. वाजायचा, थांबायचा. शेवटी तिनं कान झाकून तानाबाईंना लावला.

"गेलता की गं," तानाबाई म्हणाल्या. "ऑर्केस्ट्रातली पांढरी पँट, पांढरं बूट घालून गेलता स्टँडावर. माझी जाऊ हुती तिथं भाजी घिऊन. म्हणाली, बाकड्यावर बसलावता. एक गाडी गेली, बसूनच हाय. दुसरी गेली, बसूनच हाय. कंडक्टरनं हाळी मारली, पावणं, येताय का? तर म्हणं मान हलवली आन उठून घराकडं आला. आता दार लावून आत हाय. टीव्ही चालू हाय."

इंटरव्हल झाला. सयाजीकाका ब्लेझर सावरत स्टेजवरून खाली उतरून थेट तिच्यापाशी आले. रिकाम्या खुर्चीकडं बघितलं आणि त्यांना कळलं.

"न्हाई आला."

"नाही. स्टँडपर्यंत आले होते."

काका मटकन त्या खुर्चीवर, पिशवीच्या कडेला बसले. केसांचा काळा रंग घामानं कानावर उतरला होता. "मग मी काय करू, बाळ? फ्लेक्सवर हाय त्यो. लोकास्नी म्हाईत हाय. नाव घेऊ का नको? तू सांग. म्हणत असशील तर खरं सांगून टाकतो. आकाराम मगदूम जित्ता हाय, मुरगुडात हाय, जावा सगळी त्याला भेटायला."

आत्ता, या घटकेला, सगळं तिच्या हातात होतं. एक 'हो' म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी मुरगूडच्या त्या दारात पन्नास माणसं गोळा झाली असती. पेढे घेऊन, मोबाईल पुढं धरून. 'आक्का करा, आक्का करा.' आणि आत पांढऱ्या बुटांतला तो माणूस. तिला 'मला परत जित्ता करू नगंस' हे आठवलं आणि ते म्हणतानाचा त्यांचा शांत चेहरा. ते चुकीचं होतं हे तिला कळत होतं. पण बरोबर काय, हे कळत नव्हतं. संयूनं झोपेत दचकून हात उडवला.

"घ्या नाव," अनुजा म्हणाली.

काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले.

दिवे मंद झाले. पडद्यावर तीन फोटो आले. काकांनी सगळ्यांना उभं राहायची विनंती केली आणि खुर्च्या कराकरा वाजल्या. महंमदभाई. विजयसिंह. मग काकांचा आवाज अडखळला. लोकांना ते दुःख वाटलं. "आणि आपले... आपले आकाराम मगदूम."

अनुजा उठली नाही. ठरवून नव्हे. पायच उठेनात. सगळा हॉल तिच्याभोवती भिंतीसारखा उभा राहिला आणि मध्ये ती बाळाला छातीशी धरून बसलेली. मागून कुणीतरी खांद्याला बोट लावलं. "ओ ताई, उठा की. गेलेल्या माणसाचा तरी मान ठेवा." शेजारच्या बाई पुटपुटल्या, "आजकालच्या पोरींस्नी कशाचं काय न्हाई." ती म्हणाली, "बाळ झोपलंय." मिनिट संपलं. लोक बसले. पुढच्या गाण्याला ढोलकी लागली आणि म्हाताऱ्यांनी शिट्ट्या मारल्या.

घरी आल्यावर कपडेही न बदलता तिनं भाकरी तव्यावर टाकली, तोच आबांचा फोन आला.

"झालं?"

"झालं, आबा."

"घेतलं नाव?"

"घेतलं."

"लोक उभं राहिलं?"

"सगळे."

"तू?"

स्टँडवरच्या बाकड्यावर दोन गाड्या सोडून बसलेला माणूस तिला दिसत होता. आज त्याला एवढं तरी द्यावं, असं तिला वाटलं.

"हो आबा. राहिले मी उभी."

"आन संयू?"

"कडेवर होती. ती पण."

आबा म्हणाले, "मग झालं तर." आणि फोन ठेवला. ते वाक्य आक्काचं नव्हतं, क्लार्कचं नव्हतं. त्यांचं होतं. हे तिच्या लक्षात आलं तेव्हा भाकरी तव्यावर करपून गेली होती, आणि आपण काय करून बसलो हेही तेव्हाच लक्षात आलं. त्यांना गेलेलं न मानता एकच माणूस त्या हॉलमध्ये बसून राहिला होता, आणि तेच तिनं त्यांना सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी फोन करून तिनं सांगायचा प्रयत्न केला. "आबा, मी उठले नव्हते. खोटं बोलले मी." आबा म्हणाले, "असू दे, असू दे. बरं वाटावं म्हणून म्हणतीस." त्यानंतर फोन उचलायचं त्यांनी बंद केलं.

बुधवारी ऋतुराज जाऊन आला. दार उघडलं होतं, आबा कॉटवर बसले होते. तब्येत बरी दिसली, म्हणाला. मोबाईल कपाटात होता, बंद. तासभर बसला. "काय बोलले?" अनुजानं विचारलं. "काही नाही." "चहा दिला?" ऋतुराजनं आठवून बघितलं. "नाही." मुरगूडात घरी आलेल्या जावयाला सासऱ्यानं पाण्याचंही विचारलं नाही, हे त्याला विशेष वाटलं नाही. अनुजाच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली, आणि मग तिथंच विझली. डॉक्टरांना तिनं पुन्हा फोन केला. ते पुन्हा म्हणाले, घेऊन या. दर रविवारी ती जाते. आबा संयूला मांडीवर घेतात आणि भिंतीकडं बघत बसतात. बावड्यात चला म्हटलं की, "मी हाय व्हय कुठं, तू कुणाला नेणार?" तानाबाई लेकीच्या बाळंतपणासाठी शिरोळला गेल्यात, त्या संक्रांतीशिवाय येत नाहीत. सोमवार ते शनिवार त्या भिंतीला कान लावायला आता कुणी नाही. चंद्रकोरचा दौरा निपाणीपर्यंत पोहोचलाय, आणि तिथंही लोक उभे राहतात, असं सयाजीकाका सांगतात.

कुणाकडं काही मागणं अनुजाच्या स्वभावात नाही. पण आता ती मागते आहे. तुमच्यापैकी कुणी मुरगूडकडचं असेल, किंवा कामानं, बाजाराला, पाहुण्यांकडं त्या बाजूला जाणारं असेल, तर वाट वाकडी करून एकदा आकाराम मगदूमांकडं डोकावून या. स्टँडवरून दूध संस्थेच्या रस्त्यानं गेलं की डाव्या हाताला निळ्या दाराचं घर. टीव्हीचा आवाज मोठा असतो, तेव्हा कडी जोरात वाजवा. ऑर्केस्ट्राचं काही काढू नका. फोटो काढू नका. आत जाऊन बसा आणि चहा मागा. ठेवायला उठले, तर अनुजाला तेवढं कळवा. नाही उठले, तर पावडर चुलीशेजारच्या पत्र्याच्या डब्यात आहे, तुम्हीच ठेवा. पण एकच कप असेल, दुसरा पोत्यात आहे. सुतळी तोडा आणि काढून घ्या.